रिकामी जागा ठेवायची नाही

माझं काळ्या धाटणीचं, म्हणजे बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या पद्धतीने भरलेलं, पहिलं काडतूस त्यांनी हातात घेतलं, कानाशी नेलं आणि हलवलं. आतून बारीक खुळखुळ ऐकू आली. ते टेबलावर ठेवून त्यांनी दुसरं उचललं. तेही वाजलं. तिसरंही वाजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळी उघड. यातलं एकही झाडायचं नाही."

शंभर काडतुसं होती. शनिवारची पूर्ण दुपार मी त्यांच्यावर घालवली होती. तरी मी वाद घातला नाही, कारण सांगणारा माणूस चाळीस वर्षं काडतुसं भरतोय. ते आमच्या मागच्या गल्लीत राहतात, निवृत्त मशिनिस्ट आहेत. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानेच हाक मारतो, पण मनात ते माझे काकाच आहेत, म्हणून इथेही काकाच म्हणतो.

मी मूळचा कुडाळ तालुक्यातला. अ‍ॅरिझोनात, फिनिक्समध्ये येऊन १९ वर्षं झाली. नागरिकत्व मिळाल्यावर दोन वर्षांनी एका सहकाऱ्याबरोबर बेन एव्हरीच्या रेंजवर गेलो आणि तिथे पहिल्यांदा काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग पाहिलं. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झालेला हा खेळ. सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी ही त्याची मुख्य संस्था १९८७ मध्ये स्थापन झाली. कपडे एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम अमेरिकेतले, बंदुकाही त्याच काळच्या किंवा त्यांच्या नव्या प्रतिकृती: दर वेळी घोडा अंगठ्याने ओढावा लागतो अशी दोन रिव्हॉल्व्हरं, खाली तरफ असलेली रायफल आणि एक शॉटगन. समोर पोलादी पाट्या. गोळी लागली की टण्ण आवाज येतो, चुकली की वेळेत ५ सेकंद वाढतात. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं असली तरी पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा. इथे आल्यावर प्रत्येकाला शिकवतात ती ही पहिली गोष्ट.

तीन वर्षं मी हा खेळ बिनधुराच्या, म्हणजे आजकालच्या नेहमीच्या, बंदुकीच्या दारूवर खेळलो. काडतुसं घरीच भरत होतो, कारण महिन्याच्या एका सामन्याला रिव्हॉल्व्हरची ६० आणि रायफलची ६० लागतात, आणि त्यांचं .४५ कोल्ट हे काडतूस दुकानातून विकत घेणं परवडत नाही. भरण्याची पद्धत हातात बसली होती. मग एका जानेवारीच्या सकाळी शेजारच्या स्टेजवर, म्हणजे सामन्याच्या एका टप्प्याच्या जागेवर, एक बाई आल्या. लांब झगा, डोक्यावर पेंढ्याची टोपी. त्यांनी पहिला बार काढला आणि मी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. आमच्या गोळ्यांचा आवाज 'टॅक' असा कोरडा येतो. हा छातीत बसणारा, भरीव, घुमणारा होता. नळीतून हातभर जाळ आणि मागोमाग पांढरा ढग. सकाळी वारा नव्हता, तो ढग तिथेच लोंबकळत राहिला. पाच बार होईपर्यंत बाई दिसेनाशा झाल्या होत्या, फक्त पाट्यांचा टण्ण, टण्ण ऐकू येत होता.

आणि वास आला. तो वास मी गेली तीस वर्षं विसरलो होतो.

माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना. रानडुकरं भात लोळवायची, वानर माडावर चढायचे, म्हणून आमच्या पंचक्रोशीत बऱ्याच घरांत अशी एकनळी असायची, आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करून यावी लागायची. आजोबा रात्री मळ्यात जायचे, आणि कधीतरी मध्यरात्री डोंगराला धडकून परत येणारा तो आवाज अंथरुणात ऐकू यायचा. सकाळी त्यांच्या सदऱ्याला तोच वास असायचा. त्या बाईंच्या धुरात मला आजोबांचा सदरा भेटला. त्या दिवशीच ठरवलं की यापुढे आपलाही बार असाच निघाला पाहिजे.

या खेळात काळ्या दारूकडे वळलेल्या माणसाला 'डार्क साइड'वर गेला म्हणतात आणि खऱ्या काळ्या दारूला मोठ्या आदराने 'होली ब्लॅक'. या मंडळींसाठी 'फ्रंटियर कार्ट्रिज' असा वेगळा गट आहे: रिव्हॉल्व्हर, रायफल, शॉटगन, तिन्हींत काळी दारू किंवा तिचा मान्य पर्याय. पर्याय का, तर खरी काळी दारू इथे कायद्याने स्फोटकांत मोडते. ती साठवायचे नियम कडक आहेत, म्हणून फार थोडी दुकानं ती ठेवतात. मागवायची तर धोकादायक मालाचं वेगळं भाडं भरावं लागतं. ते परवडण्यासाठी पाच-दहा जणांनी मिळून एकदम मागवायची पद्धत आहे. पर्यायी दारू मात्र बिनधुराच्या डब्यांच्या शेजारी त्याच फळीवर मिळते. एवढं सरळ कारण आहे ते.

शोरा, कोळसा, गंधक: साधारण ७५, १५, १० हे काळ्या दारूचं जुनं प्रमाण. जळल्यावर तिच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग घन राहतो. तोच धूर होऊन हवेत जातो आणि काजळी होऊन नळीत बसतो. बिनधुराची दारू जवळजवळ सगळी वायू होते, म्हणून तिला धूर नाही. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने ती शोधली. त्याआधीच्या काडतुसांची लांबीरुंदी काळ्या दारूचं माप धरूनच ठरलेली आहे. .४५ कोल्ट १८७३ चं. मूळ बार ४० ग्रेन काळ्या दारूचा (ग्रेन हे दारू तोलायचं बारीक वजन). त्याच्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीत, बिनधुराची दारू तळाशी पाच-सहा ग्रेन पडून राहते आणि बाकी पुंगळी रिकामी. माझी तीन वर्षांची सवय तीच होती: थोडी दारू, काट्यावर तोललेली, वर भरपूर मोकळी जागा, आणि डोळे सतत एकाच काळजीत की चुकून दोनदा तर पडली नाही ना.

पर्यायी दारूचा पहिला डबा मी आणला तो पायरोडेक्सचा, रिव्हॉल्व्हरसाठी असलेला 'पी' प्रतीचा. या दारूमागचा माणूस डॅन पॉलक. वॉशिंग्टन राज्यात त्याने ती तयार केली, १९७६ मध्ये ती बाजारात आली, आणि १९७७ च्या जानेवारीत कारखान्यातल्या स्फोटात तो स्वतः आणि त्याचे तीन सहकारी गेले. पुढे हॉजडन कंपनीने कॅन्ससमध्ये ती बनवायला घेतली. काकांनी डबा उघडण्याआधी मला हे सांगितलं. घाबरवायला नाही. म्हणाले, "हा डबा सोपा दिसतो ना, तो कोणीतरी सोपा करून ठेवलाय." तेव्हापासून डबा फळीवरून काढताना मला त्या चौघांची आठवण येते.

आता ती शंभर काडतुसं का वाजली ते सांगतो. मी बिनधुराच्या सवयीने वागलो. हलका बार हवा, हात कमी उडावा, म्हणून दारू कमी घातली. शिवाय ती तोलली. दोन्ही चुका.

पर्यायी दारू आकारमानाने मोजतात, वजनाने नाही. डब्यावर '४० ग्रेन' म्हटलं असेल तर त्याचा अर्थ ४० ग्रेन काळी दारू जेवढी जागा घेते तेवढी जागा. पायरोडेक्स वजनाला हलकी असते. तीच जागा भरणारी पायरोडेक्स काट्यावर ठेवली तर ४० पेक्षा बरीच कमी भरते. आपल्याकडे शेर-पायली मापाने भात मोजायचे, तराजू नव्हे, तसंच हे आहे. मापटं भरायचं, वरून सपाट करायचं आणि ओतायचं. आणि माप किती, हे कंपनीच्या तक्त्यात त्या काडतुसापुढे लिहिलेलं असतं तेच. तिथे आपली अक्कल चालवायची जागा नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये. गोळी दारूवर टेकली पाहिजे, नव्हे, किंचित दाबून बसली पाहिजे. मोकळी जागा राहिली तर दाब वेडावाकडा चढतो. नळीला मधेच कड्यासारखा फुगवटा आलेली एक रायफल काकांनी जपून ठेवली आहे, ती त्यांनी मला हात लावून बघायला दिली. बोट फिरवलं की अंगठीसारखा उंचवटा लागतो. त्यानंतर मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. म्हणून ती कानाशी धरून हलवायची परीक्षा. बिनधुराचं काडतूस वाजतं, वाजणारच. हे काडतूस मुकं असलं पाहिजे.

शंभर काडतुसं हातोड्यासारख्या पुलरमध्ये, म्हणजे गोळी उपसायच्या हत्यारात, एकेक घालून, लाकडी ठोकळ्यावर आपटून उघडली. प्रत्येकाला चार-पाच ठोके. संध्याकाळ गेली, खांदा भरून आला. पण दारू, गोळ्या, पुंगळ्या सगळं परत मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी मी काकांच्या गॅरेजमध्ये त्यांच्या समोर बसून पुन्हा सुरुवात केली.

त्यांनी आधी टेबल रिकामं करायला लावलं. बिनधुराचे सगळे डबे घरात, वेगळ्या कपाटात. टेबलावर एका वेळी एकच डबा. कारण उघड आहे. काळ्या दारूची सवय लागल्यावर हात आपोआप पुंगळी काठोकाठ भरतो, आणि त्या हातात चुकून बिनधुराचा डबा आला तर रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फुटेल. उलट काळ्या धाटणीत दुहेरी बार पडूच शकत नाही, दारू सांडून वरून वाहते. तीन वर्षं जी काळजी मला पोखरत होती ती एका दिवसात संपली, आणि तिच्या जागी दुसरी आली.

पुंगळ्या साइज केल्या, म्हणजे दाबून मूळ मापात आणल्या, बुडाशी ठिणगी देणारे प्रायमर बसवले, तोंड किंचित उमलवलं. हे सगळं पूर्वीसारखंच. दारू मात्र प्लास्टिकच्या नळकांड्यातून नाही, पितळी मापट्याने. पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून एकेकीत ओतली आणि मग दिव्याखाली धरून सगळ्यांची पातळी एका नजरेत पाहिली. वर पातळ पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर गोळी. प्रेसचा दांडा खाली आणताना हाताला एक वेगळंच लागतं: गोळी दारूवर टेकते तिथे मऊ अडथळा, आणि मग किंचित करकर. तीन वर्षांत हा स्पर्श कधी आला नव्हता. शेवटी पुंगळीचं तोंड गोळीवर घट्ट दुमडायचं. काकांनी पहिलं काडतूस उचललं, कानाशी नेलं. काही नाही. माझ्या कानाशी धरलं. काही नाही.

पहिला सामना मार्चमध्ये. पहिल्या स्टेजला धूर उडाला, बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी भरून पावलो. दुसऱ्या स्टेजला रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर जड फिरू लागलं. तिसऱ्याला घोडा ओढताना दोन्ही अंगठे लावावे लागले. चौथ्या स्टेजला ते अडकलंच. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं, दंड स्वीकारला आणि बाजूला झालो. नळीत डोकावलं तर शेवटच्या बोटभर भागात डांबरासारखा कडक काळा थर. पाण्याने निघेना, ब्रशने निघेना.

त्या रात्री कुडाळला फोन लावला. तिकडे सकाळ होती. धाकटे काका आजोबांबरोबर मळ्यात जायचे, बंदूक साफ करायचं काम त्यांचंच. मी विचारलं, आजोबा नळीला काय लावायचे? त्यांना वाटलं मी आठवणी काढायला फोन केलाय.

"खोबरेल, दुसरां काय?" ते म्हणाले. "आणि दारूवर काथ्यो ठासूचो. मशीनचां तेल आजो जवळपास येवक देय नसत. चिकाट धरता म्हणायचे."

चिकाट. तेच तर माझ्या नळीत बसलं होतं. मी वापरलेल्या तयार गोळ्यांच्या खाचेत कडक, निळं मेण होतं, पेट्रोलियमपासून बनवलेलं, बिनधुराच्या वेगासाठी केलेलं. काळ्या दारूच्या आणि तिच्या बहुतेक पर्यायांच्या काजळीत खनिज तेल मिसळलं की त्याचं डांबर होतं. तिला हवी असते चरबी किंवा वनस्पतीचं तेल: मधमाशांचं मेण आणि मेंढीची चरबी, मेण आणि ऑलिव्ह तेल असलं काही. काजळी मऊ राहते, पुढची गोळी मागच्या गोळीची काजळी पुसून नेते. हे मला काकांच्या पुस्तकांत सापडलंच असतं, पण ते मला कुडाळहून आधी कळलं. सिंधुदुर्गातल्या एका शेतकऱ्याला आणि १८७३ च्या टेक्सासमधल्या गुराख्याला एकच गोष्ट ठाऊक होती, कारण दोघांच्या हाती एकच दारू होती. मला ती नव्याने शिकावी लागली, कारण माझ्या गॅरेजमधल्या प्रत्येक डब्यात, नळीत, बाटलीत पेट्रोलियम होतं.

मग गोळ्या बदलल्या. काळ्या दारूसाठी खास रुंद, खोल खाच असलेल्या गोळ्यांचे साचे मिळतात, त्यांना 'बिग ल्यूब' म्हणतात. साध्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त वंगण त्यांच्या खाचेत मावतं. शिसं मऊ. मेण आणि मेंढीची चरबी मी स्वयंपाकघराबाहेर, अंगणातल्या शेगडीवर वितळवतो. वास तसा घाण नाही, पण घरच्यांना तो आवडत नाही आणि मला तो त्यांच्यावर लादायचा नाही.

फिनिक्सचा एक वेगळा त्रास आहे. इथली हवा इतकी कोरडी की काजळी मिनिटाभरात खापरीसारखी वाळते. कोकणात उलटं. तिथे तीच काजळी हवेतलं पाणी ओढून घेते आणि सकाळपर्यंत नळीला गंज चढलेला असतो. इथे गंज संध्याकाळपर्यंत थांबतो, पण बंदूक दुपारीच अडकते. म्हणून प्रत्येक दोन स्टेजमध्ये मी सिलिंडरच्या तोंडावर आणि त्याच्या दांड्याशी बॅलिस्टॉल हे बंदुकीचं तेल आणि पाणी यांचं मिश्रण फवारतो. दुधासारखं पांढरं दिसतं, म्हणून इथे त्याला 'मूस मिल्क' म्हणतात. ओल्या फडक्याने एकदा पुसलं की पुढची दहा काडतुसं सुखाने. त्या मार्चनंतर सिलिंडर पुन्हा अडकलेलं नाही.

रायफलचं प्रकरण जरा वेगळं. माझी १८७३ च्या विंचेस्टरची प्रतिकृती .४५ कोल्टमध्ये आहे. त्या काळात विंचेस्टरने या काडतुसाची रायफल काढलीच नव्हती. तिचं मूळ काडतूस .४४-४०. मला वाटायचं हा फक्त इतिहासाचा मुद्दा. काळी धाटणी वापरल्यावर कळलं की तसं नाही. .४४-४० ची पुंगळी तोंडाशी पातळ असते. बार निघाला की ती फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या घराला, चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. .४५ ची पुंगळी जाड. ती पुरती फुगत नाही, आणि काजळी मागे सरकून रायफलच्या पोटात जाते. सामना संपल्यावर माझ्या रायफलच्या तरफेतून काळं पाणी गळायचं, आणि शेजारच्या माणसाची .४४-४० आतून स्वच्छ, पितळ चमकतंय. हलका बार असेल तर हे आणखी वाईट, कारण दाबच कमी. म्हणजे हात उडू नये म्हणून दारू कमी करायची माझी हौस इथेही आड आली. आता पुंगळीचं तोंड तापवून मऊ करतो, बार तक्त्याप्रमाणे पूर्ण ठेवतो. पुष्कळ फरक पडला. तरी पैसे साठले की .४४-४० ची रायफल घेणार हे नक्की.

वर्षभराने ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी दारू वापरून पाहिली. हिच्यात गंधक नाही. जोर जास्त, म्हणून काळ्या दारूच्या मापापेक्षा १५ टक्के कमी घ्यायची असं कंपनीच सांगते. इथे पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. दारू कमी म्हणजे पोकळी. इतर दारूंवर लोक मक्याचा रवा भरून जागा बुजवतात. ट्रिपल सेव्हनवर भरण घालायला कंपनीची सक्त मनाई आहे, फक्त एक पातळ चकती चालते. फार दाबायचीही नाही. मग मार्ग एकच: लांब, जड गोळी, जी पुंगळीत खोल जाते. २५० ग्रेनची गोळी घेतली आणि जागा आपोआप भरली. कानाशी धरून पाहिलं. मुकं.

धुण्याच्या बाबतीत ट्रिपल सेव्हन फार सोपी. साधं पाणी पुरतं. पण वास नाही. पहिल्यांदा झाडली तेव्हा धूर आला, आवाज आला, जाळ आला, आणि मी नाक वर करून उभा राहिलो. काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके उडताना पाहायचे, पण काचेच्या खिडकीआडून, तसं. आता मी रायफलमध्ये ट्रिपल सेव्हन आणि रिव्हॉल्व्हरांत पायरोडेक्स वापरतो. रायफल खोलून धुणं जड जातं, रिव्हॉल्व्हर दहा मिनिटांत सुटं होतं. शिवाय रिव्हॉल्व्हर नाकाच्या जवळ असतं.

शॉटगनचं थोडक्यात. पहिल्यांदा दारू आणि छर्रे यांच्यामध्ये प्लास्टिकच्या वॅड, म्हणजे बुच्च्या, वापरल्या. घरी येऊन नळीत गरम पाणी ओतलं तर खालच्या तोंडातून सापाच्या कातीसारखी प्लास्टिकची लांब पट्टी बाहेर आली. नळीच्या भिंतीवर वितळून बसलेली. तेव्हापासून पुठ्ठा आणि तागासारख्या तंतूंच्या वॅड. धाकट्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "मगे काथ्यो काय वायट होतो?"

सामन्याच्या संध्याकाळचं काम टाळता येत नाही. बिनधुराच्या काळात मी बंदुका आठवडाभर तशाच ठेवायचो, काही बिघडायचं नाही. पायरोडेक्सच्या राखेत क्षार असतात, ते लोखंड खातात. तेव्हा घरी आल्यावर आधी बंदुका, मग अंघोळ, मग जेवण. फोनवर धाकट्या काकांनी हेही बजावलं होतं: "नुसतां गरम नको, कडकडीत होयां. नळीच स्वतःच्या उष्णतेन सुकाक होयी." त्यांचं म्हणणं अगदी खरं. कोमट पाणी ओतलं तर नळी ओली राहते आणि पुसेपर्यंत तांबूस छटा दिसते. उकळतं पाणी ओतलं तर नळी हातात धरवत नाही एवढी तापते आणि दोन मिनिटांत वाफ होऊन कोरडीठाक. चहाच्या किटलीला लांब चोच आहे, तिचं काम छान होतं. ती किटली आता गॅरेजचीच झाली, घरात नवी आणली. आधी साबणाचं पाणी, मग उकळतं, मग फडकं, शेवटी तेलाचा हात. मी बॅलिस्टॉल लावतो. नळीच्या आत मात्र एकदा खोबरेल लावून पाहिलं. थंडीत ते गोठलं, म्हणून सोडून दिलं. फिनिक्सची थंडी कुडाळपेक्षा कडक असते, आजोबांना तो प्रश्न इतका आला नसणार.

पुंगळ्यांचं मी एकदा चुकवलं. रेंजवरून निघताना साबणपाण्याच्या बरणीत टाकल्या, घरी आलो, पाहुणे आले, बरणी गाडीतच राहिली. आठ दिवसांनी उघडली तर दोनशे पुंगळ्यांवर काळे-हिरवे डाग. काही इतक्या पोखरल्या होत्या की फेकाव्या लागल्या. पितळ महाग आहे, आणि त्यातल्या काही मी दहा-दहा वेळा भरलेल्या. आता बरणी आधी घरात येते. धुऊन, दुसऱ्या पाण्यातून काढून, टॉवेलवर पसरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तशाच पसरलेल्या असतात, कोरड्या, जरा मळकट. पूर्वीसारख्या चकचकीत होत नाहीत आणि मला त्याचं काही वाटत नाही.

उन्हाळ्यात मी भरत नाही. मे ते सप्टेंबर गॅरेज भट्टीसारखं तापतं. दारू मूळच्याच डब्यांत, घरातल्या थंड कपाटात. प्रायमर वेगळ्या खोलीत. ऑक्टोबर लागला, सकाळची हवा जरा निवली की ठोकळे बाहेर काढतो.

या ऑक्टोबरात लेक मदतीला आली होती, तेरा वर्षांची. चष्मा लावून, केस बांधून. दारूला तिचा हात नाही, ती चकत्या बसवते आणि मोजते. पन्नास झाली. मी डबा बंद करून कपाटात ठेवून आलो, तोवर ती एकेक काडतूस उचलून कानाशी धरत होती. मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं, मला करताना पाहिलं असणार. एकोणपन्नास तिने डावीकडे ठेवली. एक माझ्यापुढे केलं.

"बाबा, हे वाजतंय."

मी घेतलं, हलवलं. होय, अगदी बारीक. मी पुलर खाली घेतला.